‘फ्लॅक’ म्हणजे नेमकी कुठली टीका?

‘मिनिस्टर ड्रॉज फ्लॅक ओव्हर रिमार्क’ या इंग्रजी मथळ्यातला फ्लॅक म्हणजे टीकाच ना, तो ‘क्रिटिसिझम’च्या जागी कुठेही चालेल का आणि मथळा मराठीत कसा आणायचा, असं तुम्ही विचारलं आहे. फ्लॅक म्हणजे टीकाच, हा तुमचा अंदाज बरोबर आहे. पण ‘क्रिटिसिझम’ दिसला की तो काढून तिथे ‘फ्लॅक’ बसवता येईल का, याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. क्रिटिसिझममध्ये गुणदोषांची छाननी येते, साहित्याची समीक्षाही येते. फ्लॅक देणारा गुण शोधायला बसलेला नसतो. म्हणून ‘कन्स्ट्रक्टिव्ह क्रिटिसिझम’ म्हणतात, ‘कन्स्ट्रक्टिव्ह फ्लॅक’ कुणी म्हणत नाही.

हा शब्द जर्मन लष्कराचा. विमानविरोधी तोफेच्या लांबलचक जर्मन नावाचं हे आखूड रूप. दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानांच्या वैमानिकांनी तो इंग्रजीत रुळवला, तोही तोफेपेक्षा तिच्या माऱ्यासाठी. हे गोळे बहुतेक वेळा थेट विमानावर आदळत नसत. गोळ्यातल्या फ्यूजला, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेला, लावलेली वेळ संपली की हवेतच फुटत आणि तुकडे चहूकडे उडत. १९६०च्या दशकात अमेरिकेत हाच शब्द टीकेला लागला. चहूबाजूंनी येणारा मारा हा अर्थ त्याला अजून चिकटलेला आहे. त्यामुळे ‘फ्लॅक फ्रॉम ऑल क्वार्टर्स’ सहज वाटतं.

चुका होतात त्या वापरात. फ्लॅक हे न मोजता येणारं नाम आहे: ‘अ फ्लॅक’ नाही, ‘फ्लॅक्स’ही नाही. प्रमाण सांगायचं तर ‘अ लॉट ऑफ फ्लॅक’, ‘हेवी फ्लॅक’, ‘सम फ्लॅक’. ते क्रियापद म्हणूनही वापरू नका; ‘दे फ्लॅक्ड हिम’ नको, ‘दे गेव्ह हिम फ्लॅक’ म्हणा. ज्याच्यावर टीका होते त्याच्या बाजूने बोलताना गेट, टेक, कॅच, फेस, ड्रॉ यांपैकी काहीही चालतं, किंवा ‘कम इन फॉर’. यातला ‘ड्रॉ’ बातम्यांचा लाडका, आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांचा तर जरा जास्तच. गप्पांत ‘आय गॉट फ्लॅक फॉर इट’ हे जास्त नैसर्गिक. कशाबद्दल ते ‘फॉर’ किंवा ‘ओव्हर’ने सांगायचं, कुणाकडून ते ‘फ्रॉम’ने: ‘द कंपनी टुक फ्लॅक फ्रॉम कस्टमर्स ओव्हर द प्राइस राइज’. इथे ‘बाय कस्टमर्स’ लिहिलं की वाक्य बिघडतं. ‘टेक द फ्लॅक’मध्ये मात्र ‘द’ मुद्दाम असतो: निर्णय वरिष्ठांचा, बोलणी खातो हाताखालचा, अशा वेळी हा प्रयोग हमखास येतो.

शब्द अनौपचारिक आहे. बातमीत, बोलण्यात, सहकाऱ्याला पाठवलेल्या ईमेलमध्ये चालेल. प्रबंधात किंवा तक्रार अर्जात ‘क्रिटिसिझम’च लिहा.

स्पेलिंग एफ, एल, ए, के. मध्ये सी घातलेलं रूप काही शब्दकोश पर्याय म्हणून देतात, पण ते टाळलेलं बरं. त्याच स्पेलिंगचा एक वेगळा शब्द अमेरिकेत जनसंपर्क करणाऱ्या माणसाला, जरा हिणवून, वापरतात. उच्चार दोन्हींचा एकच, ‘बॅक’सारखा. ‘फ्लेक’ हा तिसराच शब्द. त्याचा टीकेशी संबंध नाही.

मराठीत आणताना प्रसंग बघा. पुष्कळ लोक तुटून पडले असतील तर ‘टीकेची झोड उठली’. वक्तव्यामुळे ओढवून घेतलं असेल तर ‘टीकेचे धनी झाले’. घरगुती असेल तर नुसतं ‘बोलणी खाल्ली’. ‘ताशेरे’ मात्र इथे नकोत. ते न्यायालय किंवा चौकशी समिती ओढते आणि त्यांना इंग्रजीत ‘स्ट्रिक्चर्स’ म्हणतात. तुमच्या मथळ्यासाठी ‘वक्तव्यावरून मंत्र्यांवर टीकेची झोड’ पुरेसं आहे.