८२ व्या वर्षी होरोविट्झनी मॉस्कोतली मैफल पेलली कशी?

प्रश्न असा आहे : २० एप्रिल १९८६ ला मॉस्को कन्झर्व्हेटरी या संगीत महाविद्यालयाच्या मोठ्या सभागृहात पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झ वाजवायला बसले, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. या वयात बोटं इतकी चालतात कशी? आणि त्या मैफलीच्या चित्रीकरणात अधूनमधून चुका ऐकू येतात, त्या वयामुळे की शैलीमुळे?

मंचावर येण्याआधी ज्या गोष्टी ठरल्या, त्यांत पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. कोणत्या रचना घ्यायच्या, कोणत्या क्रमाने, आणि कोणत्या पियानोवर.

आधी रचना. तीनच वर्षांपूर्वी, १९८३ मध्ये, टोकियोत त्यांनी बेथोव्हनची ओपस (म्हणजे रचना क्रमांक) १०१ सोनाटा, म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना, शूमानचं 'कार्नावाल' आणि शोपँचं 'पोलोनेझ-फँटसी' एकाच कार्यक्रमात घेतलं होतं. 'कार्नावाल' एकटंच जवळपास अर्ध्या तासाचं, आणि त्यात उसंत नाही. तेव्हा ते जड औषधांवर होते, चुकांचा खच पडला, आणि एका जपानी समीक्षकाने त्यांना तडा गेलेल्या जुन्या वस्तूची उपमा दिली. मॉस्कोत मात्र सर्वांत लांब रचना होती मोझार्टची सी मेजर सोनाटा, के. ३३० ('के.' हा मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक). बाकी स्कार्लाटीच्या छोट्या सोनाटा, राखमानिनोव्हचे दोन प्रील्यूड (छोट्या स्वतंत्र रचना), स्क्रियाबिनचे दोन एट्यूड (वादनतंत्रावर बेतलेल्या रचना), शोपँचे माझुर्का (पोलिश नृत्याच्या चालीवरच्या रचना) वगैरे. बहुतेक तुकडे दोन ते सहा मिनिटांचे. तासाभराच्या मैफलीत हाताला दर चार मिनिटांनी विसावा मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे, कारण वयानुसार सर्वांत आधी ढासळतो तो सलग जोर लावण्याचा दम. एका तुकड्यापुरता वेग बराच काळ टिकतो.

क्रमही नीट पाहा. सुरुवात स्कार्लाटीने, म्हणजे पेडल कमी, आवाज मर्यादित, बोटांचं काम स्वच्छ. स्नायू तापायला हे उत्तम. स्क्रियाबिनचा डी शार्प मायनर एट्यूड (ओपस ८, क्र. १२) हा खरा जोराचा तुकडा. डाव्या हाताच्या लांब उड्या आणि उजव्या हाताचे एका सप्तकाच्या अंतराचे जोडस्वर, सोबत सतत ठोकलेले कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले स्वरगट. तो अडीच मिनिटांत संपतो आणि त्याच्या आधी राखमानिनोव्हचा जी मेजर प्रील्यूड (ओपस ३२, क्र. ५) येऊन गेलेला असतो, जो जवळजवळ सगळा हळू आवाजात आहे. त्यामुळे एट्यूड प्रत्यक्षात आहे त्याहून मोठा भासतो.

हाच डाव पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनचाही होता. पॉल बाल्टेस या मानसशास्त्रज्ञाने म्हातारपणाबद्दल लिहिताना त्याचंच उदाहरण दिलं : रचना कमी करायच्या, त्यांचा रियाज वाढवायचा, आणि वेगवान भागाच्या आधीचा भाग थोडा संथ घ्यायचा, म्हणजे पुढचा वेग आपोआप जास्त वाटतो. उतारवयातला गवई तानांची संख्या कमी करून एकच तान योग्य जागी टाकतो, तसंच हे.

आता पियानो. होरोविट्झ स्वतःचा स्टाइनवे कंपनीचा पियानो (क्रमांक सीडी ५०३) बरोबर नेत. त्यांचे तंत्रज्ञ फ्रान्झ मोर त्याची जुळवणी करत. साधारण कॉन्सर्ट पियानोची पट्टी खाली जायला ५० ग्रॅमच्या आसपास वजन लागतं आणि ती सुमारे १० मिलिमीटर दबते. होरोविट्झ यांच्या पियानोची पट्टी याहून हलकी होती आणि चटकन वर यायची. तिचा आवाजही झगझगीत होता. पट्टी हलकी करणं वाटतं तितकं सोपं नाही. पट्टीच्या पुढच्या टोकाला शिसं भरलं की स्थिर वजन कमी होतं, पण हलवायचा भार वाढतो, आणि एकाच स्वराची जलद पुनरावृत्ती उलट अडखळते. हॅमरचं, म्हणजे तारेवर आदळणाऱ्या हातोडीचं, वजन उतरवलं तर खरा फरक पडतो. त्याची किंमतही आहे : इतक्या हलक्या पट्टीवर बोट नुसतं घसरलं तरी स्वर उमटतो, आणि जोर थोडा जास्त झाला की खर्जातला आवाज फुटतो. चित्रीकरणात मधूनच खर्जाचा जो धडाका ऐकू येतो, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे. दुसऱ्या वादकाला असा पियानो सहज आवरत नाही.

हाताची ठेवणही बघण्यासारखी. बोटं जवळजवळ सपाट, मनगट खाली, करंगळी बहुतेक वेळ आत वळलेली, लागेल तेव्हाच सुटणारी. शरीर जवळपास स्तब्ध. उंचावरून हात आपटणं नाही, त्यामुळे शक्ती वाया जात नाही. नवशिक्यांनी मात्र ही नक्कल करू नये. सामान्य वजनाच्या पियानोवर खाली पडलेलं मनगट दुखावतं.

चुकांचं म्हणाल तर तीन गोष्टी वेगळ्या काढा. डावा हात उजव्याच्या किंचित आधी पडतो, विशेषतः संथ सुरावटीच्या महत्त्वाच्या स्वरावर, तो दोष नव्हे. १९ व्या शतकातून आलेली ती रीत आहे आणि त्या पिढीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत सर्रास ऐकू येते. वरची सुरावट आणि खर्ज यांच्या मधल्या स्वरांतली एखादी ओळ अचानक ठळक करणं, हेही हेतुपुरस्सर. पण उडी मारताना शेजारची पट्टी सोबत दबली, ठोकलेल्या कॉर्डमधला एखादा स्वर बोललाच नाही, किंवा उडीच्या आधी लय क्षणभर थांबली, तर ते वयाचं. मॉस्कोत तिसऱ्या प्रकारच्या चुका आहेत. मला त्यांचं फारसं काही वाटत नाही, कारण मधल्या ओळींचा तोल कुठेही ढळत नाही, आणि तो तोल सांभाळणं उड्यांपेक्षा अवघड आहे.

ताडून बघायचं असेल तर १९७८ चं न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबरचं राखमानिनोव्हच्या तिसऱ्या कॉन्चेर्तोचं (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेचं) चित्रीकरण घ्या. संचालक आपले मुंबईचे झुबिन मेहता. आठ वर्षांत काय गेलं ते तिथे दिसेल : मोठ्या वाद्यवृंदाच्या वर चढणारा, अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा जोर. मग मॉस्कोचं 'ट्रॉयमेराय' लावा. शूमानची ही रचना जेमतेम २४ मात्राखंडांची. तीच चढती ओळ पुन्हा पुन्हा येते. प्रत्येक वेळी तिच्या टोकाचा स्वर ते किती लांबवतात आणि डावं पेडल कधी दाबतात, एवढंच ऐका. त्या पेडलने सगळी पट्टीरांग किंचित उजवीकडे सरकते, हॅमर तीनऐवजी दोनच तारांवर पडतो आणि स्वराचा रंग बदलतो. एक करा, हेडफोन लावा आणि हळू जागा आल्या म्हणून आवाज वाढवू नका. त्यांनी त्या तितक्याच हळू ठेवल्या आहेत.