राखेचं सिमेंट आणि लेकीची सिव्हिल

प्रश्न : बेळगावच्या खानापूर तालुक्यात मी घरबांधणीची कामं घेतो. मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावी), सायन्सला आहे. एका इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांचं पर्यावरणपूरक काँक्रीटवरचं भाषण ऐकून आल्यापासून 'सिव्हिलच घेणार' म्हणते. घरचे कॉम्प्युटर सायन्स म्हणतात. राख घातलेलं काँक्रीट टिकतं का? त्यावर पोट भरेल का? – एक पालक

नमस्कार. आधी साईटवरची सिमेंटची पिशवी बघा. 'पीपीसी' (पोर्टलंड पोझोलाना सिमेंट) छापलेलं असेल, तर राखेचं काँक्रीट तुम्ही कधीपासूनच ओतताय! त्यात वीजकेंद्रातली 15 ते 35 टक्के फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची बारीक राख असते. ती भेसळ नव्हे. ताकद मात्र सावकाश येते, म्हणूनच आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक साध्या सिमेंटला निदान 7 दिवस पाणी मारायला सांगतं आणि अशा सिमेंटला 10. चौथ्या दिवशी पाणी बंद केलं आणि स्लॅब कच्चा राहिला, तर बोल राखेला लावू नका.

लेकीने ऐकलं ते याच्या पुढचं. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी 1450 अंशांच्या आसपास तापते. कोळशाचा धूर वेगळाच. त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड खुद्द चुनखडीतून सुटतो. त्यामुळे नुसतं इंधन बदलून भागत नाही, भट्टीतून निघणारं क्लिंकरच कमी वापरावं लागतं. 'एलसी3' सिमेंटमध्ये ते निम्म्यावर येतं. बाकी भाजलेली चिकणमाती, न भाजलेली चुनखडी आणि थोडा जिप्सम. आयआयटी दिल्ली आणि मद्रासच्या प्राध्यापकांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं, आणि 2023 मध्ये त्याला भारतीय मानक मिळालं.

भाषणात न दिसणारी बाजूही लेकीला कळू द्या. काँक्रीटचे 150 मिलिमीटरचे क्यूब ओता, पाण्यात ठेवा, 28 दिवसांनी मशिनवर फोडा, प्रमाण बदला, पुन्हा ओता. हे कंटाळवाणं आहे. पण विषय तुमच्या दाराशी आहेत : उद्यमबागच्या फाउंड्र्यांची टाकाऊ वाळू, साखर कारखान्यांची बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख. चौथ्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यातूनच निघेल.

पोटाचं म्हणाल, तर सिव्हिलचा सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा बहुधा कमीच असतो. आरएमसी (तयार काँक्रीटचे) प्लांट, सिमेंट कंपन्यांच्या लॅब, कन्सल्टन्सी इथे कामं मिळतात. प्राध्यापकच व्हायचं तर एम.टेक. आणि पुढे पीएच.डी.; एम.टेक.च्या प्रवेशाची गेट परीक्षा बी.ई.च्या तिसऱ्या वर्षापासून देता येते. तिला साईटवर धूळ खायला लागेल ही काळजी असेल, तर हे काम बरंचसं लॅबमधलं आहे.

कॉलेज निवडताना प्लेसमेंटचा फलक नंतर वाचा, आधी काँक्रीट लॅबमध्ये जा. क्यूबवर मार्करने तारीख लिहिलेली असते. ती ताजी असेल तर तिथे काम चालतं. मशिनवरच धूळ असेल, तर त्या कॉलेजला रामराम.

कर्नाटकच्या केसीईटी प्रवेश परीक्षेबरोबर महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीचा फॉर्मही भरा. वादग्रस्त सीमाभागात शिकलेल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना महाराष्ट्रात 'टाइप ई'खाली अर्ज करता येतो. सीमाभागाचा आणि मातृभाषेचा असे दोन दाखले लागतात, ते निकालाची वाट न बघता आत्ताच काढायला टाका.