घरी बीपी मोजताना दर वेळी वेगळा आकडा येतो, खरा कोणता धरायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: घरच्या यंत्रावर एकदा १४८ येतो, दहा मिनिटांनी १३६, दवाखान्यात १५२. मग यंत्र बदलायचं का?

इतक्यात बदलू नका. रक्तदाब ठोक्यागणिक बदलतो, त्यामुळे सुटा आकडा एकटा काहीच सांगत नाही. धरायची ती सरासरी, आणि तीही नीट मोजलेल्या आकड्यांची. आकडे वर-खाली होण्याचं कारण बहुतेक वेळा मोजण्याच्या पद्धतीत सापडतं.

सगळ्यात आधी पट्टा बघा, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये टेप लावून दंडाचा घेर मोजा. यंत्रासोबत येणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर घेरासाठी असतो. नेमका आकडा पट्ट्यावरच छापलेला असतो. घेर त्याहून जास्त असेल तर मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागतो. लहान पट्टा जाड दंडाला लावला की बीपी खोटा जास्त दिसतो. 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात २०२३ साली आलेल्या एका अभ्यासात, ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा लावल्यावर वरचा आकडा सरासरी १९.५ने जास्त आला. एवढ्या फरकावर एखाद्याला विनाकारण गोळी सुरू होऊ शकते.

दुसरी चूक हाताची. दंडावरचा पट्टा हृदयाच्या पातळीला, म्हणजे छातीच्या मध्यावर हवा आणि हात टेबलावर टेकलेला हवा. पट्टा हृदयापासून १० सेंटीमीटर खाली गेला की रक्ताच्या स्तंभाच्या वजनानेच आकडा सुमारे ७ ते ८ने वाढतो. त्याच नियतकालिकात २०२४ साली आलेल्या अभ्यासात हात मांडीवर ठेवल्यावर वरचा आकडा जवळपास ४ने आणि बाजूला लोंबता ठेवल्यावर साडेसहाने जास्त भरला. मांडीवर हात ठेवून मोजणं दवाखान्यातही सर्रास चालतं. तिथे 'हात टेबलावर ठेवू का?' असं विचारायला अजिबात संकोच करू नका.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून या. भरलेल्या मूत्राशयानेही बीपी वाढतो. मग पाठ टेकून, पावलं जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटीमीटर वर, आत एखाद-दोन बोटं जातील इतपत घट्ट बांधा. बाही वर सरकवून दंडाला आवळ पडत असेल तर बाही काढाच. यंत्र चालू असताना बोलायचं नाही, फोनही बघायचा नाही. हे यंत्र पट्ट्यातल्या हवेच्या दाबाचे बारीक हेलकावे टिपून त्यावरून दोन्ही आकडे काढतं, त्यामुळे हात हलला तर हिशोबच चुकतो. ठोके अनियमित असतील तरी तेच होतं. अशांनी यंत्राच्या आकड्यावर किती विसंबायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

आता सरासरी. सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा, दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. सकाळचं मोजमाप नाश्त्याआधी आणि बीपीची गोळी घेण्याआधी. पहिल्या दिवसाचे चार आकडे सोडून द्या आणि उरलेल्या २४ची सरासरी काढा. जे येईल ते सगळं लिहा. मनासारखा आकडा येईपर्यंत मोजत राहून तेवढाच लिहिला तर त्या वहीचा डॉक्टरांना उपयोग नाही. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बीपी वाढलेला मानतात. दवाखान्यात हीच सीमा साधारणपणे १४०/९० धरतात, कारण डॉक्टरांसमोर अनेकांचा बीपी वाढतो. उलटही घडतं: दवाखान्यात ठीक आणि घरी जास्त. त्याकडे दुर्लक्ष नको, हृदयाला धोका त्यातही असतो.

पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजा आणि ज्यावर जास्त येतो तोच पुढे वापरा. फरक वारंवार १० ते १५हून जास्त दिसला तर डॉक्टरांना सांगा. मनगटाची यंत्रं मी सुचवत नाही, हाताची पातळी जरा चुकली की आकडा बदलतो. बिनपट्ट्याच्या घड्याळांवर तर उपचार अजिबात ठरवू नका.

यंत्राची शंका उरलीच, तर ते दवाखान्यात घेऊन जा आणि त्याच दंडावर दोन्ही यंत्रांनी आलटून पालटून मोजून घ्या. फरक सतत एकाच बाजूला आणि मोठा आला, तरच बदला.

आकडा १८०/१२०च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, अंगाची एक बाजू लुळी पडणं, बोलणं अडखळणं किंवा दिसेनासं होणं यातलं काही असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. यातलं काहीच नसेल तर पाच मिनिटं बसून परत मोजा. तरी तेवढाच असला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मनाने जास्तीची गोळी घेऊ नका, बीपी एकदम खाली आला तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो.