साधी दुर्बीण नॉर्मल आली, आता नागपूरला ‘एनबीआय’वाली करायची का?

तुमचा प्रश्न असा : बाबा ५४ वर्षांचे, आर्णीजवळ शेती. सहा महिन्यांपासून छातीत जळजळ, रात्री घशाशी आंबट पाणी येतं. दुर्बीण केली, नॉर्मल आली. आता कुणीतरी सांगितलं की नागपूरला ‘एनबीआय’वाली करा, त्यात पित्ताचा आजार पक्का कळतो. हे खरं का?

मी वर्धेकडच्या एका दवाखान्यात एंडोस्कोपीच्या खोलीत टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण हे चित्र रोज डोळ्यासमोर असतं, म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बाबांचा त्रास खोटा ठरवू नका. आमच्याकडे माणूस रिपोर्ट हातात धरून विचारतो, “सारं चांगलं हाय, तं मंग छाती काहून जयते?” आणि घरचे ‘टेन्शन घेते’ म्हणून मोकळे होतात. मला याचं फार वाईट वाटतं. आम्ल वर येऊन आग पडते, पण अस्तराला जखम झालेलीच असते असं नाही. जळजळ असणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांच्या अन्ननलिकेत साध्या प्रकाशात काहीच दिसत नाही.

आता एनबीआय, म्हणजे नॅरो बँड इमेजिंग, अरुंद पट्ट्यांच्या प्रकाशात बघणं. ही वेगळी दुर्बीण नाही, वेगळं काही टोचतही नाहीत. नळी तीच, मुठीवरचं बटण दाबलं की प्रकाश बदलतो. पांढऱ्याऐवजी फक्त दोन अरुंद पट्टे पडतात : ४१५ नॅनोमीटरचा निळा आणि ५४० चा हिरवा. रक्तातलं हिमोग्लोबिन नेमके हेच रंग शोषतं, त्यामुळे वरच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या तपकिरी उठून दिसतात. स्क्रीनवरचं गुलाबी चित्र एकदम हिरवट होतं. अन्ननलिका जठराला मिळते तिथली वाकडीतिकडी रेघ, वर फिकट आणि खाली तपकिरी, शेताच्या धुऱ्यासारखी स्वच्छ कळते. आम्लाने चिडलेल्या जागी रक्तवाहिन्यांचे ठिपके वाढलेले, लांबलेले दिसतात. पांढऱ्या प्रकाशात नजरेतून सुटलेला एखादा ओरखडाही सापडतो.

पण ‘पक्का कळतो’ हे खरं नाही. तेच ठिपके पाहून दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं, आणि केवळ त्यांच्यावर आजार सिद्ध धरत नाहीत. जखमेला लॉस एंजेलिस पद्धतीने ए ते डी ग्रेड देतात. ए म्हणजे ५ मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा. तो काहीच तक्रार नसलेल्या माणसातही सापडतो. आम्लाचा आजार ठरवायला डॉक्टर जे ल्योन निकष वापरतात, त्यांच्या नव्या आवृत्तीप्रमाणे बी आणि त्यापुढची ग्रेड पक्का पुरावा मानतात. एनबीआयचा खरा आधार होतो तो बॅरेट्सचा संशय असला की, म्हणजे अन्ननलिकेचं अस्तरच बदलतंय असं वाटलं की. तुकडा नेमका कुठून घ्यायचा ते त्यात कळतं. तरी निकाल तुकड्याच्या तपासणीवरच.

मी तुमच्या जागी असतो तर गाडीभाड्याचा विचार करायच्या आधी एक गोष्ट विचारली असती : दुर्बीण झाली तेव्हा बाबांची पँटोप्राझोलची, म्हणजे आम्ल कमी करायची गोळी चालू होती का? आपल्याकडे ही गोळी मेडिकलवरून पानासारखी घेतात आणि विचारलं तर ‘औषध काही नाही’ म्हणतात. गोळीने जखम भरते, मग कोणताही प्रकाश टाका, दिसणार काय? निदानासाठीची दुर्बीण शक्यतो गोळी २ ते ४ आठवडे बंद ठेवून करतात. बंद मात्र डॉक्टरांना विचारूनच करा, काहींना ती दुसऱ्या कारणासाठी लागते.

गोळी बंद ठेवूनही दुर्बीण नॉर्मल आली, तर पुढची तपासणी पीएचची, म्हणजे आंबटपणा मोजायची. पीएचचा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त. नाकातून बारीक तार अन्ननलिकेत सोडतात, कमरेला छोटी पेटी असते, आणि २४ तास माणूस घरी नेहमीसारखा राहतो. भाकर खायची, वावरात चक्करही मारायची. पीएच ४ च्या खाली किती वेळ गेला ते पेटी मोजते. ६ टक्क्यांच्या वर, म्हणजे दिवसातला साधारण दीड तास, गेला तर आजार पक्का. ४ टक्क्यांच्या आत असेल तर आम्ल जास्त नाही, कारण दुसरीकडे शोधायचं. नागपूरला जायचंच असेल तर ‘एनबीआय आहे का’ यापेक्षा ‘पीएचची तपासणी होते का’ हे फोनवर विचारा.

घास अडकणं, वजन उतरणं, काळी शौच, रक्ताची उलटी, रक्त कमी असणं, यातलं काही असेल तर गोळी बंद करून आठवडे मोजत बसू नका, लगेच दाखवा. चालताना किंवा काम करताना छाती भरून येत असेल तर आधी ईसीजी.

आणखी एक. बाबा खर्रा (सुपारी-तंबाखू घोटून केलेला) खात असतील तर त्यांना तोंड उघडायला सांगून बघा, स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का. मागे एकाचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. सुपारीने गाल आतून ताठ झालेले, दातांत धरायची प्लास्टिकची कडी बसेना, आणि माणूस पहाटेच्या एसटीने उपाशी आलेला. त्याला परत जाताना पाहवलं नाही. अशा वेळी नाकातून जाणारी बारीक नळी लागते आणि ती सगळीकडे नसते, म्हणून तारीख घेतानाच सांगून ठेवा.