डाएट करताना पाकिटातल्या पदार्थांमधलं छुपं मीठ कसं कमी करायचं?

तुम्ही लिहिलंय की घरच्या भाजी-आमटीतलं मीठ निम्म्यावर आणलंय, पण ऑफिसमुळे मसाला ओट्स, कप सूप आणि भाजका चिवडा काही सुटत नाही. मग मीठ खरंच कमी झालं का? माझ्या मते, फारसं नाही. फरसाणाच्या एका कारखान्यात काही काळ क्वालिटीचं काम केलंय, तेव्हापासून कुठलंही पाकीट हातात आलं की आधी उलटं करून वाचायची सवयच लागली आहे. तेवढ्या शिदोरीवर सांगतो.

आपल्याकडच्या पाकिटावर मीठ असं लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं, तेही मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियमच्या आत राहायला सांगते. म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ, आणि त्यात पोळी, आमटी, लोणचं, पाकीट सगळं आलं.

डाएटवाल्यांची गोची अशी की ते फक्त कॅलरी बघतात. तेल काढून घेतलं की पदार्थ बेचव होतो, आणि ती कसर मीठ-मसाल्याने भरून काढली जाते. म्हणून एक सोपा आडाखा ठेवा: एकाच रकान्यातला सोडियमचा आकडा कॅलरींच्या आकड्यापेक्षा मोठा असेल, तर पाकीट परत फळीवर. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याला २००० मिलिग्रॅम सोडियम, हे त्यामागचं साधं गणित. या चाळणीत कप सूप पहिल्या फटक्यात अडकतं. समजा एका कपात ४५ कॅलरी आणि ५५० मिलिग्रॅम सोडियम आहे. कॅलरी बघून तुम्ही खूश, पण मिठाचा पाव कोटा संपला आणि पोट रिकामंच. जास्त पाणी घालून उपयोग नाही, कप संपवला की मीठ तेवढंच पोटात जातं. आणि हो, रकाना नीट बघा. 'पर सर्व्ह' म्हणून कुठे २०, कुठे ३० ग्रॅम धरलेले असतात. मूठभर चिवड्यावर कोण थांबतं हो?

जिभेवर मात्र विसंबू नका. कारखान्यात चिवडा, शेव, डाळ फिरत्या ड्रममध्ये घालून वरून मसाला भुरभुरतात. मीठ बाहेरच्या अंगाला असल्यामुळे जिभेला लगेच कळतं. ब्रेड, टोस्ट, खारी यांत ते पिठातच मळलेलं असतं, म्हणून खारट लागत नाही आणि आपण बिनधास्त खातो. सोड्याची तऱ्हा आणखी वेगळी. ढोकळ्याच्या तयार पिठात किंवा बिस्किटात सोडियम बायकार्बोनेट असतं. त्याच्या वजनात साधारण २७ टक्के सोडियम, पण जिभेला पत्ताच नाही. पापडात तर मीठही आणि पापडखारही. 'तळलेला नको, भाजलेला चालेल' असं आपण म्हणतो, ते तेलापुरतं खरं. मीठ दोन्हींत सारखंच.

आता करायचं काय? मसाला ओट्सऐवजी साधे ओट्स आणा आणि त्यात जिरेपूड, मिरपूड, कढीपत्ता, शेवटी लिंबू. चाट मसाला नको, त्यातही भरपूर मीठ असतं. नूडल्स खायच्याच असतील तर मसाल्याची पुडी अर्धीच वापरा. चिवड्यात तेवढेच साधे चुरमुरे आणि बिनमिठाचे शेंगदाणे मिसळा. दाणे मात्र मोजून, कॅलरी तिथेही असतात. चीज स्लाइसच्या जागी साधं पनीर, पाकिटातल्या मसाला ताकाच्या जागी घरचं दही घुसळून. डब्यातले राजमा-छोले असतील तर पाणी ओतून टाका आणि नळाखाली धुवा, बरंच मीठ निघून जातं. पहिले काही आठवडे सगळं अळणी लागेल. मग जीभ सरावते आणि बाहेरची भाजी खारट वाटायला लागते.

रात्री पिझ्झा किंवा चायनीज झालं आणि सकाळी काटा अर्धा किलो वर गेला, तर लगेच उपास धरू नका. रक्तातल्या पाण्यात लिटरला साधारण ९ ग्रॅम मिठाइतका खारटपणा शरीर टिकवून धरतं, त्यामुळे जादा मीठ आलं की पाणीही धरून ठेवतं. एका रात्रीत वाढलेलं ते वजन बहुतेक पाण्याचंच. दोन-तीन दिवसांत उतरतं.

राहिला मीठ बदलण्याचा प्रश्न. सैंधव घेऊन काही साधत नाही, तेही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच, शिवाय बऱ्याचदा आयोडीन नसलेलं. 'लो सोडियम' मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतो, त्यामुळे सोडियम खरोखर कमी होतं. पण मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारखी ब्लड प्रेशरची गोळी चालू असेल, तर रक्तात पोटॅशियम वाढून ते अंगावर येऊ शकतं. अशा वेळी ते मीठ डब्यात भरण्याआधी डॉक्टरांना गोळीचं नाव सांगून विचारा.