ग्रीसमधल्या व्हर्जिना गावात पाहण्यासारखं काय आहे? थेसालोनिकीहून एका दिवसात होईल का?

होईल, आरामात. आधी व्हेरिया शहरात या, तिथून गाव अगदी जवळ आहे. गाव एवढंसं, पण खाली प्राचीन मॅसिडोनिया राज्याची जुनी राजधानी एगाय आहे.

मुख्य आकर्षण म्हणजे राजघराण्याच्या थडग्यांचं संग्रहालय. बाहेरून फक्त गवताची टेकडी दिसते, आत शिरलात की थेट थडग्यांच्या दारांसमोर उभे राहता. १९७७ मध्ये पुरातत्त्वज्ञ मानोलिस आंद्रोनिकोस यांना इथे न लुटलेलं थडगं सापडलं. आतल्या सोन्याच्या पेटीत जळलेल्या अस्थी होत्या आणि झाकणावर सोळा किरणांचा तारा. हे थडगं सिकंदराचे वडील दुसरे फिलिप यांचं, असं आंद्रोनिकोस यांचं मत. काही अभ्यासक मात्र ते सिकंदराचा सावत्र भाऊ अऱ्हिडेयस याचं मानतात आणि हा वाद अजून मिटलेला नाही. मला स्वतःला फिलिपचा दावा जास्त पटतो. खरं तर शेजारच्या लुटलेल्या थडग्यातलं पर्सेफनी या ग्रीक देवीच्या अपहरणाचं भित्तिचित्र सोन्याहून भारी वाटतं, पण गर्दी सगळी सोन्यापाशीच!

वेळ उरला तर वर चढून राजवाड्याचे अवशेष बघा, २०२४ मध्ये डागडुजीनंतर ते पुन्हा खुले झाले. त्याच्याच खाली ते नाट्यगृह, जिथे इ.स.पू. ३३६ मध्ये मुलीच्या लग्नसोहळ्यात फिलिपचा खून झाला. तिथे आता फारसं काही उरलेलं नाही.

संग्रहालयात अंधार असतो, त्यामुळे फोटोंची फार आशा ठेवू नका.