ड्वार्फांनी कोपरा सोडावा

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये वॉरहॅमर फँटसी या टेबलावर छोटे सैनिक मांडून फाशांनी खेळायच्या युद्धखेळाची आठवी आवृत्ती खेळतात. माझं सैन्य ड्वार्फांचं, म्हणजे बुटक्या योद्ध्यांचं. दर वेळी मी टेबलाचा कोपरा धरतो : मागे टेकडीवर दोन तोफा आणि ऑर्गन गन (अनेक नळ्यांची तोफ), पुढे वॉरिअर्स (साधं पायदळ), मध्ये क्वारेलर (क्रॉसबोवाले). समोर मित्राचे केऑस नाइट्स (जड घोडदळ). तिसऱ्या फेरीपर्यंत ते माझ्या डाव्या बगलेत घुसलेले असतात आणि तिथून सगळं कोसळतं. बचाव आणखी घट्ट कसा करू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : घट्ट करू नका, मोकळा करा. ड्वार्फ म्हटलं की कोपरा, हा समज खेळाडूंच्या डोक्यात इतका पक्का बसला आहे की त्यापायी एका देखण्या सैन्याचं नुकसान होतं. मला ते बघवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कोपऱ्याचं श्रेय कोपऱ्याला. नेहमीच्या ६ बाय ४ फुटांच्या टेबलावर दोन्ही सैन्यांच्या पुढच्या ओळींत २४ इंच अंतर असतं. केऑस नाइट चिलखती घोड्यावर ७ इंच चालतो, मार्च केला (दुप्पट चालला) तर १४. म्हणजे पहिली चाल त्याची असेल, तर तुमच्या वाट्याला गोळीबाराची एकच पूर्ण फेरी येते आणि दुसऱ्या फेरीत तो अंगावर. तुम्ही १० इंच मागे बसलात तर अंतर ३४ होतं. एका मार्चनंतर २० उरतात आणि त्याच्या चार्जची (अंगावर धावून जाण्याची) कमाल धाव, ७ इंचांत फासे मिळवून, १९. गोळीबाराची एक फेरी नक्की वाढली. कोपऱ्याची खरी कमाई एवढीच.

त्याची किंमत मात्र मोठी. एवढ्याशा जागेत तुकड्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात. एक पळाली की ६ इंचांतल्या बाकीच्यांना पॅनिक टेस्ट (फसली तर त्याही पळतात), आणि मागे टेबलाची कड जवळ असल्याने पळालेली तुकडी सावरायच्या आतच खेळाबाहेर. शिवाय नाइट्स कुठे आदळणार, हे मित्र निवांत ठरवतो, कारण तुम्ही हलणारच नाही हे त्याला ठाऊक आहे. मनोरा ताब्यात घेण्याचा, वॉचटॉवरचा डाव निघाला, तर कोपऱ्यात बसून मनोरा हाती लागत नाही, हे वेगळं सांगायला नको.

ड्वार्फांचा बचाव उभा राहतो तो शत्रू कुठे आणि कोणत्या कोनात आदळेल, हे आपण ठरवण्यावर. त्यासाठी एक गायरोकॉप्टर (ड्वार्फांचं छोटं उडतं यंत्र) पुरतं.

नाइट्स चार्जच्या टप्प्यात आले की गायरोकॉप्टर त्यांच्या नाकासमोर, तीन-चार इंचांवर आणून ठेवा. सरळ नाही, तिरकं : त्याचं नाक तुमच्या उजवीकडे वळलेलं हवं. आता नाइट्सना वॉरिअर्सपर्यंत सरळ वाट नाही, चार्ज करायचा तर गायरोकॉप्टरवरच. चार्ज करणाऱ्याला समोरच्याच्या बाजूशी समांतर व्हावं लागतं, त्यामुळे आदळताना नाइट्सची तोंडं आपोआप तुमच्या डावीकडे, तिरकी मागे वळतात. गायरोकॉप्टर पहिल्याच झटक्यात मेलं, तर ओव्हररन (शत्रू संपवल्यावरची पुढची धाव) त्याच दिशेने सरळ जातो आणि नाइट्स तुमच्या ओळीला वळसा घालून मोकळ्या जागेत जाऊन उभे राहतात. त्या रेषेत तुमची एकही तुकडी नको, कारण ओव्हररन तिच्यावर आदळला तर तोही चार्जच. रेषा मनात न ओढता टेप लावून बघा. आठव्या आवृत्तीत मोजायला परवानगी आहे.

हॅमरर (हातोडेवाले निवडक ड्वार्फ) उजवीकडे, थोडे मागे, तोंड डावीकडे तिरकं करून उभे ठेवायचे. नाइट्स थांबले की त्यांची डावी बगल यांच्या समोर येते. अंतर ७ इंच असेल तर ड्वार्फांच्या ३ इंचांत दोन फाशांवर ४ किंवा जास्त पुरतात, म्हणजे ३६ पैकी ३३ वेळा चार्ज लागतो. अंतर १० झालं की तोच आकडा २१ वर येतो. त्या तीन इंचांसाठी मांडणीच्या वेळी पाच मिनिटं जास्त घेतली तरी चालतील.

मित्र हुशार असेल तर ओव्हररन टाळायला लीडरशिप टेस्ट देईल : दोन फाशांची बेरीज लीडरशिपइतकी किंवा कमी हवी. नाइट्सची लीडरशिप ८, म्हणजे शंभरात ७२ वेळा तो थांबेल आणि तोंड तुमच्याकडे फिरवून घेईल. घेऊ दे. त्याचा चार्ज खर्च झालेला आहे आणि आता चार्ज करणारे तुम्ही आहात. २०१४च्या ड्वार्फ पुस्तकात चार्जच्या फेरीत ताकद एकाने वाढवणारा रेझोल्यूट नियम आहे. नुसतं बसून राहणाऱ्या सैन्याला कोणी असा नियम देत नाही!

हॅमरर हा हातोडा झाला. आणि ऐरण, म्हणजे शत्रूला समोरून थोपवणारी तुकडी? ढालवाले २५ वॉरिअर, पाच-पाचच्या पाच रांगांत. आठ-आठच्या रुंद ओळी लावू नका. पाच-सहा नाइट्ससमोर तुमच्या रांगा जास्त, म्हणून हरलात तरी स्टेडफास्ट (खंबीर) : ब्रेक टेस्ट, म्हणजे हरल्यावर पळायचं की नाही हे ठरवणारी टेस्ट, पूर्ण लीडरशिपवर. ९ वर ३६ पैकी ३० वेळा पाय रोवून उभे. लॉर्ड १२ इंचांत असेल तर त्याची १० वापरता येते, आणि सेनेचा झेंडेवालाही तेवढ्याच अंतरात असेल तर फसलेली टेस्ट पुन्हा देता येते. मग १४४ मध्ये एकदाच पळाल. मी तर झेंड्यावर रून (जादूची अक्षरं) चढवायच्या आधी झेंडेवाल्याची जागा ठरवतो. फक्त वॉरिअर्सना जंगलात उभं करू नका, तिथे स्टेडफास्ट मिळत नाही.

तोफा टेकडीवरच राहू द्या, पण दोन्ही एकाच टेकडीवर नकोत.

प्रश्न : थंडरर (बंदूकवाले) घ्यावेत की क्वारेलर? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बचावासाठी क्वारेलर, आणि सोबत त्यांना ग्रेट वेपन (दोन हातांनी चालवायचं जड शस्त्र). बंदूक चिलखत जास्त भेदते हे खरं, पण तिचा पल्ला २४ इंच आणि क्रॉसबोचा ३०. दोन्ही शस्त्रं चालत-चालत झाडता येत नाहीत, म्हणून जिथे मांडाल तिथूनच जास्तीत जास्त टेबल कव्हर व्हायला हवं. इनिशिएटिव्ह (वाराचा क्रम ठरवणारा आकडा) २ असलेला ड्वार्फ एरवीही बहुतेकांच्या नंतरच वार करतो, त्यामुळे ग्रेट वेपनने शेवटी वार करायला लागणं त्याला फारसं जड जात नाही आणि ताकद दोनने वाढते. धनुर्धारी समजून अंगावर आलेल्या हलक्या घोडदळाला ही तुकडी चांगली पुरून उरते.

प्रश्न : आमच्याकडचे जुने खेळाडू सातवी आवृत्ती सोडायला तयार नाहीत. त्यात आधी अंतर मोजायचं नसतं, अंदाज सांगायचा. माझी तोफ कायम चुकते. – एक वाचक, पुणे

उत्तर : अंदाज हवेत बांधू नका, बेरीज करा. मांडणीच्या वेळचं २४ इंच अंतर तुम्हाला माहीत आहे. शत्रूची तुकडी ओळीपासून किती मागे होती ते डोळ्यांत ठेवा आणि दर फेरीला ती किती चालली ते त्यातून वजा करत जा. तोफेसमोरून येणाऱ्या तुकडीचा आकडा फार चुकत नाही.

मग त्या आकड्यातून १० वजा करून नेम सांगा. तोफेच्या आर्टिलरी फाशावर २, ४, ६, ८, १० आणि मिसफायर (बार फसला) अशा सहा बाजू. गोळा पहिल्या फाशाने पुढे जाऊन पडतो आणि दुसऱ्याने उसळतो. एका बिंदूवरच्या लक्ष्याचा हिशेब केला तर १० इंच अलीकडे नेम धरल्यास ३६ पैकी २० वेळा गोळा लागतो, ८ इंच अलीकडे धरल्यास १८ वेळा आणि ६ वर फक्त १५ वेळा. आठव्या आवृत्तीतही हेच गणित चालतं, तिथे अंतर मोजून घ्यायचं एवढाच फरक.

ठाण्याच्या वाचकांना दिलेलं उत्तर मात्र सातवीला जसंच्या तसं लावू नका. त्यात स्टेडफास्ट नाही, आणि चार्जला फासे नसल्याने ड्वार्फांची धाव ठरलेली ६ इंच. हॅमररना बगलेपासून ५ इंचांच्या आत ठेवावं लागेल.